उसवलेला दोरा

मैत्रिणींनो, एक विचारायचं आहे.

माझी आई नातीसाठी क्रोशाचं छोटंसं बाहुलीघर विणत होती. छप्पर अर्धं झालं होतं. गेल्या महिन्यात ती गेली.

आज वारज्याला बाबांकडे बसून मी तिथूनच पुढे, तिच्याच दोऱ्याने विणायला घेतलं. तिचा टाका घट्ट, माझा सैल.

बाबा म्हणाले, "अगं, एवढ्या भोकांतून पाऊस आत येईल. ती असती तर तुला उसवायला लावलं असतं."

मी उसवायला लागले आणि दोरा ओढतच राहिले.

"थांब, थांब! तिच्या ओळी निघाल्या!" बाबा ओरडले.

दोन ओळी गेल्या होत्या. मला रडूही आलं नाही.

तिच्या टाक्यांमुळे तो दोरा कुरळा झाला आहे. पुन्हा विणण्याआधी असा दोरा तुम्ही धुऊन सरळ करता ना? नाही केला तर चालेल का?