राईतल्या लेंड्या

आधी काकूंचं सांगतो. त्या नसत्या तर बडोद्यातली माझी नोकरी आणि खोली, दोन्ही एकाच हिवाळ्यात गेली असती.

आठवीत शाळा सुटलेला मी, गाव लातूरच्या पलीकडे. बडोद्याबाहेर, पादऱ्याजवळच्या आपल्या शेतावर साहेबांनी मला गोदाम राखायला ठेवलं होतं. साहेब शहरात, मांजलपूरला राहत. निवृत्त अधिकारी, पण पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते या अभिमानातून अजून निवृत्त न झालेले. राई, म्हणजे मोहरी, पेरायची ती दरसाल घरच्याच बियाण्याची. खानदानी बी चाळणं म्हणजे त्यांना अपमान वाटे. तेच बी डब्यात भरून, वर कुंकू लावून, ते जावयाच्या शेतावरही पाठवत.

त्या वर्षी पेरणीच्या वेळी बियाण्यात काळे, कडक, लांबोडके दाणे दिसले. साहेबांनी निकाल दिला, उंदराच्या लेंड्या. म्हणजे दोष गोदामवाल्याचा. पिंजरे आले. शहरातल्या वासण्याहून एक मांजर स्कूटरवर बसून आलं, दूध प्यायलं आणि पोत्यावर झोपलं. उंदीर एकही सापडेना, तेव्हा साहेब म्हणाले की हे उंदीर शिकलेले दिसतात. बी तसंच पेरलं.

शेंगा धरताना झाडं मधेच वाळू लागली. खोडावर कापसासारखी पांढरी बुरशी. साहेबांच्या मते उंदरांनी मुळं खाल्ली होती, आणि महिनाअखेरीस मी गावी जावं हे बरं. मी मान हलवली. पण गावी कुणाला काय सांगणार होतो?

काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या. त्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. वाळलेलं एक खोड उपटून त्यांनी भाजीच्या सुरीनं उभं चिरलं. आत तेच काळे दाणे.

"बघा ने," त्या बडोद्याच्या मराठीत म्हणाल्या, "उंदीर खोडात शिरून बसला होता का?"

"लहान जातीचा असेल," साहेब म्हणाले.

काकूंनी मग मला समजावलं, साहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हे दाणे बुरशीचेच. बियाण्याबरोबर मातीत जातात, थंडी-ओलाव्यात त्यांना वाटीसारख्या बारीक छत्र्या फुटतात. त्यांतून उडालेली धूळ खोडाला चिकटलेल्या गळालेल्या पाकळ्यांवर बसते आणि तिथून आत शिरते.

साहेबांनी मला माफ केलं. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. आता बी चाळतात, रोगट खोडं जाळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हा रोग समजावतात, शोध स्वतःचा असल्यासारखा. काकू शेजारी बसून शेंगदाणे सोलतात.

त्यांचे उपकार मी फेडणार आहे. त्यांना कमी कशाचीच नाही, थोडी शांतता सोडून, आणि ती माझ्या हातात नाही. पण एक दिवस फेडीन.