बाभळीखालचा दगड

वडिलांच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या सहा शेळ्या घेऊन माळावर गेलो. त्या सांभाळणारी शेजारची चुलती तापाने पडली होती. येत्या बाजारी शेळ्या विकायच्या आणि गावाकडे, शिरूरला पुन्हा फिरकायचं नाही, असं ठरवूनच मी आलो होतो.

निघताना चुलती अंथरुणातूनच म्हणाली, "दुपारी त्या बसतील तवा तू बी बस. हाकू नको, लेकरा."

मी ऐकेन तर शपथ! बीडच्या कचेरीत वीस वर्षं काढलेला माणूस. काम म्हणजे उरकायचं, एवढंच ठाऊक. ऊन डोक्यावर आलं तशा शेळ्या एका बाभळीखाली थांबल्या. मी दोनदा काठी उगारून त्यांना पुढे रेटलं. दोन्ही वेळा वळसा घालून त्या तिथंच परत आल्या. शेवटी मीच थकलो आणि बुंध्याजवळच्या दगडावर टेकलो. दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता.

वडील इथंच बसायचे. "दिवसभर नुसते बसून असता," असं सुनावून मीच त्यांना बीडला नेलं होतं. आरामासाठी. गॅलरीत खुर्ची टाकून दिली. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हितं कावून बसवलंस? बगायला काय हाय?" आठ महिन्यांत गेले. डॉक्टरांना धड आजारही सापडला नाही.

शेळ्या रवंथ करत होत्या. वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. समोर नुसता तापलेला माळ. बऱ्याच महिन्यांनी मी काहीच करत नव्हतो. छाती जरा मोकळी झाली आणि रडू आलं. बसलेल्या जागेवरून माणूस उठवून मी त्याला आराम द्यायला निघालो होतो. हे मला घरात कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. तिथं भांडायला कुणी नव्हतं.

कळपातली म्हातारी शेळी उठून आली. वडिलांच्या मांडीवर ती मान टाकून पडायची, सुट्टीत आलो की मी पाहायचो. ती वाकली, माझा गुडघा हुंगला, तोंडाकडे बघत राहिली. मग मागे सरून मातीतच बसली.

बाजाराला मी गेलो नाही. आता दर रविवारी येतो, दुपारभर शेळ्यांत बसतो. दगड मोकळाच ठेवतो, खाली बसतो. म्हातारीने मान अजून टेकवलेली नाही.