दारात वई लाव, मग येते

धसईच्या स्टँडवर आई मला पोचवायला आली ती शेतातून तशीच. राब भाजायचे दिवस होते. लांबच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, भाताचं रोप जिथं टाकायचं तिथं पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. तर आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. मला नर्स म्हणून पहिली नेमणूक मिळाली होती, तीही सोलापूरला, आणि अंगात नवा कोरा ड्रेस. आईनं मला जवळ घेतलंच नाही. हात पाठीमागं धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कापडं खराब होतील गो तुझी." बाबा बॅग वर चढवत होते. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, कारण तिनं जवळ घेतलं असतं तर मी गाडीत चढले नसते. आता वाटतं, झाला असता ड्रेस काळा, तर काय आभाळ कोसळणार होतं!

बावीस वर्षं झाली त्याला. नवरा इथलाच, शाळेत मास्तर. मुलगी कॉलेजात. मी आता 'काय की' म्हणते, ज्वारीची भाकरी थापते, शेंगाचटणीशिवाय मला जेवण जात नाही. गावी गेले की चुलत बहिणी माझ्या बोलण्याला हसतात आणि इथं 'नाय' म्हटलं की वॉर्डातल्या बायका हसतात. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सगळ्यांचं हे असंच. कुठंही तोंड उघडा, हशा ठरलेला.

झाड निवडून लावायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. धसईला पावसात काठी खोचली तरी पालवी फुटते. परसाला वई घालायची, म्हणजे जिवंत कुंपण, तर बाबा ओढ्यावरून चार फांद्या तोडून आणायचे, रोवायचे आणि विसरून जायचे. सोलापुरात आम्ही शहराबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा पुढची जागा सरळ फरशी घालून मोकळी ठेवली. घराचं तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. पण ड्युटी, घर, मुलीची शाळा, यात दारात काय लावायचं याचा विचार करायला सवड कुणाला होती?

बाबा गेले आणि आई एकटी पडली. मी तिची एकुलती एक. 'इकडं ये' म्हणून मी रोज फोनवर डोकं खायचे आणि ती रोज नवी सबब सांगायची. मग एकदा ती मागच्या पायरीवरून घसरली आणि तासभर तिथंच पडून राहिली. शेजारची वहिनी ताक मागायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण माझी झोप उडाली. मी फोनवर ओरडलेच, "आता तू यायचंस, बास झालं!" ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या दारात एक हिरवं पान नाय गो. फोटोत नुसती फरशी दिसते. तिथं माणूस राहील कसा? दारात वई लाव. ती एक वैशाख काढू दे. मग येते मी."

मला वाटलं, एवढंच ना! फरशी उखडून घेतली. गावी जाऊन परसातला अनंत, मोगरा, अबोली, सगळं मुळासकट गोणपाटात बांधून आणलं. आणि पुढं काय केलं असेल? धसईची पोर ती! राब भाजला. भर कॉलनीत. दोन घमेली शेणी, कडुनिंबाच्या वाळक्या फांद्या, वर माती, आणि दिली काडी लावून. धूर बघून शेजारचे चौघं बादल्या घेऊन धावले. मास्तर बनियनवरच बाहेर येऊन सगळ्यांची माफी मागत होते आणि मी हातात काठी घेऊन राख सारखी करत होते. वर त्यांनाच समजावत होते की अहो, याच्यानं माती चांगली होते.

मग वाफे केले, चारी बाजूंनी बांध घातले आणि सकाळ-संध्याकाळ बोअरचं पाणी तुंबवून ठेवलं. आमच्या माणसांना माया करता येते ती पाण्यानंच. महिन्यात अनंताची पानं पिवळी पडली, मागोमाग मोगरा आणि अबोलीही गेली. अनंत उपटून पाहिला तर मुळं काळी आणि कुजकट वास. मी तिथंच फतकल मारून रडले. झाडासाठी नाही रडले. वैशाख फुकट गेला होता, आणि आईला आणखी एक वर्ष त्या पायरीवरून एकटीनं उतरायचं होतं.

मेलेला अनंत पिशवीत घालून मी ड्युटीच्या कपड्यांतच हायवेजवळच्या नर्सरीत गेले. तिथल्या काकांनी मुळं हुंगली आणि विचारलं, "काय वो सिस्टर, भात लावलं होतं का काय?" मी गावाचं आणि राखेचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमच्याकडची माती तांबडी, आंबट. तिला राख मानवते. आमची काळी, आधीच खारी, त्यात बोअरचं पाणी. तुम्ही मिठात मीठ घातलं की वो." इतकी वर्षं पेशंटना पथ्य सांगणारी मी, माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

काकांनी मला पान हातात धरून बघायला शिकवलं. ऊन सोसणारं झाड पानावरून कळतं म्हणाले. पान बारीक असेल, जाडसर असेल, नाहीतर खालून लव असेल, तर ते पाणी राखून वापरतं. मोठ्या, मऊ, लुसलुशीत पानांच्या मागं लागायचं नाही. कण्हेर त्यांनी पहिली काढून दिली, ती मी परत केली, कारण ती विषारी आणि शेजारची लहान पोरं आमच्या दारात खेळतात. शेवटी फाटकाला लागून मेंदीची रांग, मध्ये पिवळा टिकोमा आणि शंकासुर, आणि पश्चिमेला सगळं ऊन झेलायला निरगुडी.

आईला सांगितलं तर ती फोनवर हसतच सुटली. "निरगुडी इकत घेतलीस? ओढ्याला बकऱ्या पण तोंड लावत नाय तिला!"

पाऊस सुरू होताच लावलं सगळं, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातील. खड्ड्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत, बुडाशी वाळक्या पाल्याचा थर, राखेला हातसुद्धा लावला नाही. पाण्याचा नियम एकच होता. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालायचं तेव्हा सावकाश, खोलवर. पाणी न घालता बसणं मला रात्रपाळीपेक्षा जड गेलं. एप्रिलात दुपारी टिकोमाची पानं माना टाकायची, माझा हात पाइपकडं जायचा आणि मास्तर आतून ओरडायचे, "बोट घाल आधी!" संध्याकाळी पानं आपोआप ताठ व्हायची. मेंदीची तीन रोपं गेली. बाकी सगळ्यांनी वैशाख काढला, आणि शंकासुराला तर त्या उन्हात फुलं आली.

मी फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मला न्यायला कोण येतंय?"

ती आली ती घरात शिरलीच नाही. वईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालली, निरगुडीचं पान चुरगाळून हुंगलं, वाकून मातीत बोट घातलं. मग पिशवी माझ्याकडं दिली आणि म्हणाली, "चल, चहा टाक." रोज सकाळी ती त्याच निरगुडीचा पाला उकळून गुडघे शेकायची. दुपारी चारनंतर वईच्या आत खुर्ची टाकून बसायची. शेजारणी तिला घरची औषधं विचारायला यायला लागल्या. मी ड्युटीवरून परतले की फाटकाशीच तिचा आवाज ऐकू यायचा आणि दिवसभराचा शीण कुठल्या कुठं जायचा. काय सांगू, त्या दीड महिन्यात मी पुन्हा लहान झाले होते.

आणि आभाळ भरून आलं तशी म्हणाली, "आता लावणीला जायाला पायजे."

मी भांडले. इतकं सगळं कशासाठी केलं मग? शेत चुलत्यांनी करायला घेतलंय, तू काय नुसती बांधावर उभी राहणार! जुनं झाड दुसरीकडं रुजत नाही, असलं काहीतरी मास्तर समजावायला लागले, त्यांना मी गप्प केलं. माझी आई झाड नाही. तिला पाय आहेत, तिकीट काढून दिलं तर ती कुठंही जाऊ शकते. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बांधावर कुणी उभं नसलं तर लावणी कशीपण होते गो."

तेव्हा रजा टाकून मीच तिला पोचवायला गेले. वहिनी सकाळ-संध्याकाळ डोकावेल असं ठरवलं, मागच्या पायरीला लोखंडी दांडा बसवून घेतला. मग निघायची वेळ झाली. बावीस वर्षं मी या ओट्यावरून निघताना 'लवकर घरी ये' हेच ऐकत आले होते. तेच ऐकायचं म्हणून मी पाया पडले, आणि या वेळी तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट जवळ घेतलं.

"रडू नको," ती म्हणाली. "दिवाळी झाली, भात झोडून झालं, की मी येते ना घरी."

स्वतःच्या ओट्यावर उभी राहून 'घरी' म्हणाली.