बूट घर पर हैं

कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: फाटके ग्लोव्हज आणि किस्से. ग्लोव्हज मी वेळच्या वेळी फेकून दिले. किस्से अजून आहेत. तुम्ही हसाल, खुशाल हसा. मी तिथे होते, मला तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं!

दिल्लीपलीकडे मानेसरला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. इकडे मोहरीचं शेत, तिकडे पत्र्याची शेड. आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग वाहायच्या लोखंडी ट्रॉल्या बनायच्या, म्हणजे दिवसभर वेल्डिंग. मी मयूर विहारहून आधी डीटीसी आणि मग कंपनीची बस असं करत पोचायचे. माणसं कमी, म्हणून स्टोअरबरोबर सेफ्टीही माझ्याच गळ्यात मारली. "मैडम, बस जूते-दस्ताने बांटने हैं," मॅनेजर म्हणाले. बस म्हणे!

*

पहिल्याच आठवड्यात एक वेल्डर ट्रॉलीला हात लावून उभा होता, तो धाडकन आडवा झाला. मी किंचाळले, "अरे, उसको शॉक बैठा!"

मराठीत शॉक बसतो, तर हिंदीत तो बैठणारच ना! आमचा इलेक्ट्रिशियन बलबीर, झज्जरकडचा गडी, पाठ करून रेडिओ ऐकत चहा पीत होता. वळलासुद्धा नाही. म्हणाला, "बैठ्या सै तो बैठण दे, मैडम. थक गया होगा."

"अरे बंद करो, बंद करो!"

त्यानं हात लांबवून रेडिओ बंद केला.

मग मात्र वळला, बघितलं आणि कप टाकून मेन स्विचकडे पळाला. वेल्डर वाचला, देवाची कृपा. त्याला पाणी पाजलं, वारा घातला, विचारलं, "कैसा लग रहा है?"

डोळे उघडून म्हणतो, "रेडियो किसने बंद किया?"

तो दिवस आणि आजचा दिवस. मी झोपेतसुद्धा 'करंट लगा' असंच म्हणते.

*

आता रामधारी. बलियाचा, पन्नाशीचा, शेडमधला सगळ्यात कसबी वेल्डर. नवशिके त्याचा जोड बघायला यायचे. पण पायात झिजलेल्या चपला आणि हात उघडे! एकदा रॉड बदलायचा म्हणून त्यानं तोंडावरची काच वर केली आणि रॉड पकडायचा तो होल्डर चक्क काखेत मारला. मे महिना, बनियन घामानं निथळतंय!

"रामधारीजी, ये बगल में क्या है?"

"होल्डर."

"चालू है?"

"चालू है, मैडम. तभी तो संभाल के रखा है."

घरी येऊन जेवताना हे सांगितलं, तर आमची लेक विचारते, "आई, काख मतलब?" दिल्लीत वाढलेली पोर, काय बोलणार! हात वर करून दाखवलं. तर नाक मुरडून म्हणाली, "छी! वहां तो पसीना आता है!"

अहो, सहावीतल्या पोरीला कळलं! आणि वीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला मी महिनाभर तेच सांगत होते, की घाम आला की करंट सरळ आत शिरतो. तो मान डोलवायचा आणि होल्डर काखेत मारायचा.

*

आमच्या शेडमधली माणसं नळ उघडताना हातात गमछा धरायची. मला वाटायचं, किती स्वच्छ माणसं!

एक दिवस ऑफिसातलं पाणी गेलं, म्हणून मी जेवणाचा डबा घेऊन तिथे हात धुवायला गेले. गमछा काही माझ्याकडे नव्हता. नळाला हात लावला मात्र, कोपरापर्यंत अशा झिणझिण्या आल्या की डबा तिकडे आणि मी इकडे! बलबीरनं शोध लावला. वेल्डिंगच्या मशीनची परतीची वायर कामाच्या लोखंडालाच जोडायची असते. कुण्या शहाण्यानं ती जवळ पडते म्हणून पाण्याच्या पाइपाला चिमटा मारून लावली होती.

"कब से?" मी वेल्डरांना विचारलं.

"सर्दियों से."

"सबको पता था?"

"हां जी. नए आदमी को हम पहले ही दिन बता देते हैं."

"मग मला का नाही सांगितलं?" रागाच्या भरात मी मराठीतच विचारलं. पण त्यांना बरोब्बर कळलं.

"आप तो सेफ्टी वाली हैं, मैडम. हमने सोचा, आपने ही लगवाया होगा."

*

त्यानंतर मी मॅनेजरांच्या मागे हात धुऊन लागले आणि सगळ्यांसाठी नवे बूट आणवले, जाड रबरी तळव्यांचे. सोबत कोपरापर्यंतचे चामड्याचे ग्लोव्हज. रामधारीनं दोन्ही वस्तू हातात घेतल्या, कपाळाला लावल्या. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

दुसऱ्या दिवशी पायात चपला.

"बूट?"

"घर पर हैं."

"और दस्ताने?"

"वो भी घर पर हैं."

"घर पे क्या शोरूम खोला है?"

नुसता हसला. आठवडाभर हेच. आज विचारा, उद्या विचारा, 'घर पर हैं'. शेवटी शनिवारी मी सगळ्यांसमोर दम भरला. सोमवारी बूट नसले तर गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, "जी," आणि ट्रॉलीच्या आत शिरून कामाला बसला.

त्याच दुपारी झालं. ट्रॉलीच्या आत चहूकडे लोखंड, हा घामानं चिंब, गुडघे टेकलेले. रॉड बदलायला गेला आणि हात तिथेच चिकटला. ओरडताही येईना. नुसता थरथरत होता आणि माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून ना मराठी फुटली, ना हिंदी! बलबीरनं पाहिलं म्हणून. मेन खाली खेचला तसा रामधारी पोतं पडावं तसा कोसळला.

श्वास होता. डॉक्टरांनी तपासलं, दोन दिवस घरी पडून राहा म्हणाले. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. आणि रडून झाल्यावर अशी भडकले म्हणून सांगू! नवे कोरे बूट घरात ठेवून हा माणूस मरायला निघाला होता! कुणाच्या लग्नासाठी ठेवले असतील, नाहीतर विकून खाल्ले असतील, असं काय काय मनात आलं.

*

सोमवारी भर दुपारी बलबीरच्या स्कूटरवर मागे बसून मी त्याचं घर गाठलं. म्हटलं, बूट आज माझ्या हातानं घेऊन येणार. जवळच्याच गावात एका रांगेत खोल्या होत्या. बाहेर लूचा तापलेला वारा वाहत होता, आत भट्टी. रामधारी खाटेवर पडला होता, मला बघून धडपडत उठला. मी तोंड उघडणार, एवढ्यात तो बायकोला म्हणाला, "अरे, मैडम आई हैं. कूलर चलाओ."

कोपऱ्यात पत्र्याचा कूलर होता. त्यानंच भंगारातून वेल्ड करून बनवलेला, खालून पाणी गळत होतं. त्याची बायको उठली. एवढीशी बाई, डोक्यावरून पदर. तिनं खाटेखालून ते बूट ओढले, त्यात पाय घातले, नाड्या घट्ट बांधल्या. मग खुंटीवरचे ग्लोव्हज काढून बांगड्यांवरून कोपरापर्यंत चढवले. तेवढं करून खटक खटक चालत कूलरपाशी गेली आणि बटण दाबलं.

मी रामधारीकडे बघितलं. तो ओशाळला.

"कूलर की बॉडी में करंट मारता है, मैडम," तो म्हणाला. "हमको तो आदत है. इसको कहां है!"