सर्जेरावाची पोटरी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. हिंदुराव वस्ताद सोप्यातल्या खाटेवर पडलेत, डोळे मिटलेत, पण झोप काही धड लागत नाही. आत सून भांडी घासतेय, तेवढा आवाज कानावर येतोय. मग तो थांबतो आणि वस्ताद तालमीत उभे असतात.

कुस्तीच्या हौद्यात सर्जेराव बसलाय, एक पाय लांब करून. सर्जेराव म्हणजे वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. शेहेचाळिसाव्या वर्षी झटक्यानं गेला, त्याला पाऊण वर्ष झालं. तेव्हापासून वस्ताद तालमीची पायरी चढलेले नाहीत.

"वस्ताद, पोटरीत गोळा येतोय," तो म्हणतो. "चाललो की येतोय, थांबलो की जातोय."

अगदी हेच तो जिवंतपणी म्हणाला होता. आणि वस्तादांनी तेव्हा काय करावं? तेल कोमट करून पोटरी रगडली, बसून बसून अंग जड झालंय म्हणून शंभर बैठका सांगितल्या, वर दटावलं की खुराक तोडलास तर याद राख. कुस्ती सुटून पंधरा वर्षं झालेली, गडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवसभर खुर्चीत बसलेला, बिडी लागलेली, बाप असाच पन्नाशीत गेलेला, आणि ताटात तूप मात्र जोर मारणाऱ्या पैलवानाचं! पण खुराक सुटला की पैलवानाचं अंग उतरतं, हे वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलेलं. त्यापुढे अक्कल चाललीच नाही.

आताही हात सवयीनं पोटरीकडे जातात. पोटरी गार लागते. सर्जेराव दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर पडलेला असतो, आणि खिडकीबाहेर उसाच्या गाड्या काट्यावर चढताहेत.

"रगडू नका," तो म्हणतो. "आतली शीर बुजलीय. भिंतीला चरबी धरत गेली, भिंत जाड झाली, रक्ताला वाटच उरली नाही. पायात झालं तेच काळजात."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनी. तूप बंद करा, बिडी टाका, गोळ्या घ्या म्हणाले होते."

"मग मला का नाही बोललास लेका?"

"बोललो होतो. तुम्ही हसला. म्हणाला, त्या डॉक्टरनं कधी लंगोट लावलाय का?"

वस्तादांना आठवतं. सगळी तालीम हसली होती. सर्जेरावही हसला होता, वस्तादांचा मान राखायला. त्याच दिवसापासून त्यानं गोळ्या सोडल्या, हे त्याच्या बायकोनं तेराव्याला सांगितलं होतं.

"चुकलो रे," वस्ताद म्हणतात.

 सर्जेराव पाया पडल्यासारखा खाली वाकतो आणि वस्तादांच्या पावलावर, वरच्या बाजूला, बोट दाबून धरतो. "डॉक्टर इथं नाडी बघतात. माझी लागत नव्हती."

वस्ताद जागे होतात. सून चहा ठेवून गेलीय. उजव्या पावलावर बोटाचा ठसा उमटलाय, नुकतंच कुणी दाबून सोडल्यासारखा खोल. ते कुणाला हाक मारत नाहीत. ठसा बुजायच्या आत त्याच जागी आपलं बोट टेकवतात आणि श्वास धरून बसतात.

नाडी लागते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी इतकी ठणठणीत लागते, की म्हाताऱ्याला रडू आवरत नाही.