उल्हासकाकांची केबल कारची सहल

सॅन फ्रान्सिस्कोला मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांना उन्हाळ्यातल्या शनिवारी केबल कारमधून फिरवून आणायचं, हे काम उल्हासकाकांनी अठरा वर्षं फुकट आणि हौसेनं केलं. रिटायर्ड इंजिनियर माणूस. गाडीला इंजिनच नसतं, रस्त्याखालून अखंड पळणारा जाड दोर पकडायचा आणि थांबायचं तेव्हा सोडायचा, हे ते असं रंगवून सांगत की पाहुणी मंडळी उताराची भीती विसरत. चढावर घसरून मरणारे घोडे, ते बघवेना म्हणून १८७३ साली धावलेली पहिली गाडी, नंतरचा भूकंप, आणि मेयर या गाड्या भंगारात काढायला निघाला तेव्हा पदर खोचून भांडलेल्या इथल्या बायका, सगळं काकांना तोंडपाठ.

हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरी एप्रिलपासून रोज संध्याकाळी ते हॉलमध्ये उभं राहून सहलीतल्या गोष्टींचा सराव करत. रेखाकाकू समोर बसून ऐकत आणि "छान झालं" म्हणत. जून उजाडला, पण सहली ठरवणाऱ्या मराठी मंडळाचा फोन काही येईना. शेवटी एका शनिवारी काका काठी घेऊन स्वतःच निघाले.

पॉवेल स्ट्रीटवर केबल कारच्या रांगेत नकुल उभा होता. पुण्याहून आलेला आयटीवाला, दोन उन्हाळे काकांच्या मागे फिरून 'आठवण म्हणून' सगळं रेकॉर्ड केलेला. भोवती दहा-बारा पांढरी डोकी. घोड्यांची तीच गोष्ट, त्याच जागी थांबून, त्याच विनोदासकट चालली होती. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

नकुल गोंधळला. "काका, काकूंनीच मार्चमध्ये कॉल केला होता. म्हणाल्या, या वर्षीपासून तू टेकओव्हर कर. मला वाटलं, तुम्हीच डिसाइड केलंय."

काका घरी परतले. पोरावर रागवायची सोयसुद्धा राहिली नव्हती, आणि घरचंच माणूस असं वागावं याचं त्यांना फार लागलं होतं. काकू मेथी निवडत होत्या.

"मार्चपासून मला फसवलंस. आणि तरी रोज समोर बसून ऐकत होतीस?"

काकूंनी जुडी बाजूला ठेवली. "गेल्या वर्षी तुम्ही तेच तेच सांगायला लागलात की लोक एकमेकांकडे बघायचे. तुम्हाला कोणी हसलेलं मला सहन होत नाही. पण माझंच चुकत असेल, अशी आशा होती, म्हणून रोज ऐकत होते." त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली. "काल घोड्यांची गोष्ट चारदा सांगितलीत."

काकांना ती एकदाच सांगितल्याचं आठवत होतं.