काचेखालचा झेंडू

जुन्या गाडीची समोरची काच काढायची म्हणजे एकानं आत बसून ती पायांनी ढकलायची आणि दुसऱ्यानं बाहेरून झेलायची, हे मला म्हातारपणी कळलं. ढकलणारा मी होतो. झेलणारा आंबिवलीचा गॅरेजवाला; असल्या गाड्यांच्या पत्र्याला अजून हात लावणारा माझ्या माहितीतला तो एकटाच. "काका, लाथ नाय मारायची, नुसता जोर द्या," तो बाहेरून ओरडत होता आणि मी सीटवर आडवा पडून दोन्ही तळवे काचेला लावले होते. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतलं कुणी बघत नव्हतं, हे बरं झालं.

बायको गेल्यापासून गाडी कव्हरखाली उभी होती. एकट्या माणसाला दूध आणायला चार चाकं लागत नाहीत. यंदा पाऊस ओसरल्यावर कव्हर काढलं तर आतली चटई भिजलेली आणि सगळीकडे बुरशीचा वास. पाणी समोरच्या काचेच्या खालच्या कडेतून आत येत होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता देऊन टाका ना ती कुणाला तरी." मी म्हटलं, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे तिला ठाऊक आहे.

या गाडीनं आम्ही दोघं दर दसऱ्याला खडवलीला नदीवर जायचो. गाडीची पूजा झाली की निघायचं, काठावर बसून डबा खायचा आणि परत यायचं, बस्स. यंदाच्या दसऱ्याला मला जायचं होतं, एकट्यानं का होईना. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला घरात कुणी नव्हतं.

काच निघाली, तिच्याभोवतीचं रबर निघालं. खालच्या खाचेत बोट फिरवून गॅरेजवाला म्हणाला, "वरचा पत्रा गेलाय. आतली चौकट चांगली असेल तर तुकडा कापून नवा जोडतो. ती पण खाल्ली असेल, तर काच उभीच राहणार नाय. मग भंगारात द्या." आतलं कळायला आधी गंज खरवडायला हवा होता आणि त्याच्या हाताखाली माणूस नव्हता. "मी खरवडतो," मी म्हणालो. त्यानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि तारेचा ब्रश हातात दिला.

मग मी रोज आंबिवलीला जाऊ लागलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. सकाळी उठून दाढी करायला कारण मिळालं होतं. गॅरेजवाला दिवसभरात फारसं बोलायचा नाही, जे बोलायचा ते मोबाइलवर. पण चहा सांगताना दोन सांगायचा.

गंज तांबडाच असतो. पण डाव्या कोपऱ्यात त्याचा रंग जरा निराळा होता. आयुष्य ड्रॉइंग बोर्डापुढे गेल्यामुळे असलं काही माझ्या डोळ्यांना लगेच खुपतं. बोटावर घेऊन चोळलं. गंज करकरतो, हे मऊ होतं. कुंकू होतं. त्याखाली काळे पडलेले तांदळाचे दाणे आणि झेंडूचे देठ, एकावर एक दाबून बसलेले, कितीतरी दसऱ्यांचे.

ही माझ्या बायकोची करामत. ती पाण्यात बोट बुडवून काचेखाली कुंकू लावायची, त्यावर अक्षता. आणि फूल वाऱ्यानं उडू नये म्हणून केसांतला आकडा काढून काचेचं रबर उचलायची आणि देठ आत खुपसायची. "अगं, पूजा करतेस की गजरा माळतेस तिला?" मी चिडवायचो. "अहो, खडवलीपर्यंत टिकायला नको का?" ती म्हणायची. घरी आल्यावर फूल ओढून काढलं की देठ आतच राहायचा आणि त्या फटीतून पुढचा पावसाळा आत शिरायचा. म्हणजे माझी गाडी कुजवली ती माझ्या बायकोनं, कौतुकानं, दरवर्षी, माझ्यादेखत.

मला हसू आलं. ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. गॅरेजवाला लांबून म्हणाला, "काका, डोळ्यात गेलं ना? चष्मा लावा म्हटलेलो."

तो कोपरा मी तसाच ठेवला. बाकीची सगळी कड पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, जिथे गरज नव्हती तिथेही घासली. तिच्या साड्या मुलगी घेऊन गेली होती, औषधं मी टाकून दिली होती. तिच्या बोटांनी जिथे ठेवलं तिथेच असलेलं एवढंच उरलं होतं. शेवटी गॅरेजवाला वेल्डिंगचं सामान घेऊन आला.

"हे राह्यलं," तो म्हणाला.

"राहू दे ना तेवढं."

"काका, तेवढंच तर खातंय. एवढंसं ठेवलं तरी नवा पत्रा पण जाईल."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला.

ब्रश बाजूला ठेवून मी नखानं एकेक दाणा काढला. जपून ठेवला नाही. पुडी बांधली असती तर ती उघडून बघायलाही मीच. देठ काढले, कुंकू पुसलं. खालची चौकट काळी पडली होती, पण पेचकस टोचून पाहिला तर रुतला नाही. गाडी वाचली होती आणि मला मुळीच आनंद झाला नाही.

नवा तुकडा जोडला, त्यावर गंज थांबवायला रेड ऑक्साइड, खाचखळगे बुजवायला लांबी, मग रंग आणि नवं रबर बसलं. "आता पाण्यापासून जपा," गॅरेजवाला म्हणाला. "या कडेला ओल राहता कामा नये."

दसऱ्याला सकाळी पूजेचं ताट घेऊन खाली उतरलो. गाडीची पूजा मी कधीच केली नव्हती, मी शेजारी चावी घेऊन उभा असायचो. कोरडीच करायची असं ठरवलं होतं. कोरड्या बोटानं कुंकू लावलं, ते भुरभुरून गेलं. अक्षता वाहिल्या, त्या बॉनेटवरून घरंगळल्या. फूल ठेवलं, तेही पडलं. मी ताट धरून उभा आणि गाडीवर काही म्हणजे काही नाही.

वर गेलो, तांब्या भरून आणला. बोट पाण्यात बुडवून डाव्या कोपऱ्यात कुंकू लावलं, वर अक्षता दाबल्या. घरात आकडा नव्हता. चावीच्या टोकानं नवं रबर उचललं आणि झेंडूचा देठ आत खुपसला.

खडवलीपर्यंत टिकला.